ग्रिडची आणीबाणी म्हणायचं की आपत्काल?

प्रश्न असा होता की अमेरिकेच्या वीज कायद्यात जी 'ग्रिड सिक्युरिटी इमर्जन्सी' आहे (ग्रिड म्हणजे वीजकेंद्रं आणि वाहिन्यांचं एकमेकांना जोडलेलं जाळं) तिला मराठीत आणीबाणी म्हणायचं की आपत्कालीन परिस्थिती, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या केंद्र सरकारने वीजनिर्मिती कंपन्यांना जे आदेश दिले त्यालाही 'वीज आणीबाणी' म्हणलं तर चालेल का.

माझं मत, पहिल्या ठिकाणी आणीबाणीच, दुसऱ्या ठिकाणी नको. का ते सांगतो.

आणीबाणी म्हणलं की आपल्याला लगेच जून १९७५ आठवतं, त्यामुळे बरेच जण हा शब्द वापरायला बिचकतात. पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. 'ऐन आणीबाणीच्या वेळी धावून आला' असं आपण घरातल्या माणसाबद्दलही म्हणतो, तिथे सरकारचा काही संबंध नसतो. त्यात अर्थ असा की गोष्ट अगदी कड्यावर येऊन ठेपलीय, आत्ता काही केलं तर वाचेल, नाहीतर गेलं. आपत्ती म्हणजे कोसळलेलं संकट, पूर, भूकंप, आणि आपत्कालीन म्हणजे त्या काळातलं, म्हणून आपत्कालीन मदत, आपत्कालीन कक्ष. हिंदीत दोन्हीकडे आपात चालतं आणि तिथून 'आपातकालीन' आपल्या बातम्यांत घुसतं, पण मराठीकडे वेगळा शब्द असताना तो का सोडायचा?

आता अमेरिकेची तरतूद बघा. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या फेडरल पॉवर ॲक्टमध्ये कलम २१५-ए घातलं गेलं. सायबर हल्ला, अणुस्फोटासारख्या कारणाने येणारा विद्युतचुंबकीय झटका, सूर्यावरून येणारं भूचुंबकीय वादळ किंवा यंत्रणेवर थेट हल्ला, यातलं काही घडलं किंवा घडण्याचा धोका अगदी तोंडावर आला तर आधी राष्ट्राध्यक्ष लेखी ठरवतात की ही ग्रिड सिक्युरिटी इमर्जन्सी आहे, मग ऊर्जामंत्री कंपन्यांना आदेश काढू शकतात. आदेश १५ दिवसांत संपतो, पुढे हवा असेल तर परत काढावा लागतो. म्हणजे धोका तोंडावर असणं हे कायद्यातच लिहिलंय, शिवाय कुणीतरी अधिकृतपणे जाहीर करायचं आणि मुदत ठरलेली. हे तिन्ही आणीबाणी या शब्दात बरोबर बसतं. म्हणून मी 'ग्रिड-सुरक्षा आणीबाणी' लिहीन. इथे सुरक्षितता नको, कारण सुरक्षितता म्हणलं की लाइनमनचे हातमोजे न् हेल्मेट डोळ्यासमोर येतं, आणि इथे तर राखण करायचा अर्थ आहे. ग्रिडला विद्युतजाल वगैरे करायचीही गरज नाही, महापारेषणच्या सबस्टेशनमधला माणूसही ग्रिडच म्हणतो.

त्याच कायद्यात जुनं कलम २०२(सी) पण आहे, त्यात युद्ध किंवा विजेची अचानक वाढलेली मागणी, टंचाई अशा कारणांनी इमर्जन्सी असल्याचं ठरवून वीजकेंद्रं चालवायचे आदेश देता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गारठलं तेव्हा ते वापरलं होतं. तिथेही आणीबाणी चालेल.

आपल्याकडचं वेगळं आहे. ५ मे २०२२ ला आयात कोळशावरची केंद्रं पूर्ण क्षमतेने चालवा असा आदेश निघाला तो वीज कायदा २००३ च्या कलम ११ खाली. त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरात इमर्जन्सी हा शब्दच नाही, 'एक्स्ट्राऑर्डिनरी सर्कमस्टन्सेस' आहे, आणि त्याचा खुलासाही दिलाय, देशाच्या सुरक्षेला धोका, सार्वजनिक सुव्यवस्था, नैसर्गिक आपत्ती किंवा लोकहितासाठी उद्भवलेली तशी इतर परिस्थिती. हे शेवटचं टोक खूप मोकळं आहे, त्यात उन्हाळ्यातली वाढीव मागणीसुद्धा बसते, म्हणून तर पुढे २०२३ मध्येही हेच कलम वापरलं गेलं. याला 'असाधारण परिस्थिती' म्हणावं. संविधानाच्या मराठी मजकुरात आणीबाणी हा शब्द घोषणेसाठी राखलेला आहे, तो जिथे कुणी काही घोषितच केलं नाही तिथे मथळ्यात टाकला तर वाचणाऱ्याला वाटतं की सरकारने काहीतरी लागू केलंय. मला हे खरंच खटकतं, कारण त्याने माणूस घाबरतो आणि सरकारला नेमका कुठला अधिकार आहे तेही त्याला कळत नाही.

अजून एक, रोजचा कंट्रोल तर मंत्र्याच्या हातात नसतोच. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास ठेवायची, कुणाला लोड कमी करायला लावायचं, हे भार प्रेषण केंद्र, म्हणजे ग्रिडमधल्या विजेची ये-जा सांभाळणारं नियंत्रण केंद्र बघतं, विभागीय केंद्राला आपल्या वीज कायद्याच्या कलम २९ खाली तसे निर्देश द्यायचा अधिकारच आहे आणि न पाळणाऱ्याला १५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडची ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य पण गेली. त्या कोसळण्याच्या आधीची शेवटची काही मिनिटं, ती आणीबाणीची. नंतरचे अंधारातले तास आपत्कालाचे. बातमी लिहिणाऱ्याने एवढा फरक केला तरी पुष्कळ.