मक्ता, मक्तेदारी आणि एकच व्यापारी

आर्वीकडच्या एका कापूस उत्पादकाचा प्रश्न : "आमच्या गावात खेडा खरेदीला एकच व्यापारी येतो, तो म्हणेल तो भाव. याला मक्तेदारी म्हणायचं का?"

नुसतं 'मक्तेदारी' म्हणू नका. अर्थशास्त्रात मक्तेदारी विकणाऱ्याची. विकणारा एक, मालाला जवळचा पर्याय नाही, नव्याला शिरायला वाट नाही, म्हणून भाव त्याच्या हातात. तुमच्याकडे विकणारे पन्नास अन् घेणारा एक. ही घेणाऱ्याची मक्तेदारी, तसंच पूर्ण म्हणा. १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी याच जातीची होती, फक्त घेणारं सरकार होतं. आणि 'गावातल्या दोन कृषी केंद्रांची मक्तेदारी' हे तर आता ऐकवत नाही. मोजके विक्रेते असले की त्याला अल्पाधिकार म्हणतात.

आता मक्ता. हा शब्द वर्धा-यवतमाळच्या माणसाला शिकवावा लागत नाही. उन्हाळ्यात ओसरीवर बोलणं होतं : "यंदा पाच एकर मक्त्यानं देऊन टाकलं." बटईत पीक वाटून घ्यायचं. मक्त्यात रक्कम आधीच ठरलेली. मग बोंडअळी येवो की पाऊस दडी मारो, मालकाचा आकडा हलत नाही.

शब्दाचं मूळ अरबी. 'कत्अ' म्हणजे कापणं, त्यावरून 'मुकातआ' म्हणजे ठरीव रकमेवर महसूल वसुलीचा करार. दिल्लीच्या सुलतानांनी सरदारांना तोडून दिलेला महसुली मुलूख म्हणजे 'इक्ता', तो याच धातूचा. गझलेचा शेवटचा शेर, जिथे गझल तुटते, तोही 'मक्ता', याच धातूचा. शेताचा मक्ता आणि गझलेचा मक्ता सख्खे भाऊ आहेत, हे कळलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

कापणं म्हणजे कायमचं ठरवणं, ही जाण आपल्याकडे आधीच होती म्हणून हा शब्द इतका रुजला, असं माझं ठाम मत आहे. भांडण मिटवायला आपण तोड काढतो, तोडगा काढतो. पंचांचा 'फैसला'सुद्धा अरबीत मुळात वेगळं करणं, तोडणंच.

एका व्याकरणप्रेमी गृहस्थांनी मला कळवलं की मक्ता 'मुक्त'वरून आला. साफ चूक. मक्त्यानं शेत करणारा मुक्त कुठला? तो तर आकड्याला बांधलेला! दुसरे म्हणतात, मक्तेदारी टाका, 'एकाधिकार'च लिहा. का टाकायची? एकाधिकार हक्क एकाचा, एवढंच सांगतो. हक्क कुणीतरी दिला, कुणाला तरी दिला, हे मक्ता सांगतो. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीनं खेळायच्या पत्त्यांचा मक्ता आपल्या एका दरबाऱ्याला दिला होता. राजाचे असे बहुतेक मक्ते पुढे १६२४ च्या कायद्यानं मोडीत निघाले. तिथेही मक्तेदारी आधी दरबारात जन्मली, बाजारात नंतर आली.

मक्त्याचा तेलुगू सोबती म्हणजे 'गुत्ता'. अर्थ तोच, ठेका. म्हणून मराठवाड्यात कंत्राटदार गुत्तेदार झाला, आणि सरकारकडून दारूविक्रीचा गुत्ता घेतलेल्या दुकानाला लोक सरळ गुत्ताच म्हणू लागले.