सोलापुरात राहून कमी खर्चात चित्रपट करायचा आहे. कॅमेरा आणि माणसे कोठून जमवावीत?

तुम्ही विचारले आहे की, घरचे आणि मित्रांचे पैसे जमवून सोलापुरातच ८०-९० मिनिटांचा मराठी चित्रपट करायचा असेल, तर कॅमेरा विकत घ्यावा की पुण्या-मुंबईहून भाड्याने आणावा, आणि या क्षेत्रात ओळखी नसताना कामाची माणसे कशी मिळवावीत. मी सोलापुरातच असा एक चित्रपट १९ दिवसांत चित्रित केला आहे आणि त्यात काही पैसे वाया घालवूनच शहाणा झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्या-मुंबईचे भाडेदर विचारण्याआधी आपल्या शहरातील लग्नाच्या फोटो स्टुडिओंत जाऊन बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) कॅमेरे, गिंबल (चालतानाही कॅमेरा न हलू देणारा दांडा), एलईडी लाइट, ड्रोन हे सारे आज या स्टुडिओंकडे असते आणि वर्षातील चार महिने त्यातील बरेचसे कपाटात पडून राहते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त नसतात. त्या काळात स्टुडिओचा मालक कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस दोन्ही मिळून सलग दिवसांसाठी ज्या दरात देतो, त्या दरासाठी मे महिन्यात तो तुम्हाला तोंडसुद्धा उघडू देणार नाही. पावसाची भीती वाटेल, पण सोलापूर पर्जन्यछायेत आहे आणि येथील मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक दिवस नुसते ढग असतात, आणि तो मऊ, सावल्या न पाडणारा उजेड मे महिन्यातील उन्हापेक्षा चेहऱ्यांसाठी कितीतरी चांगला असतो. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की शहराच्या पूर्व भागात कामे घेणारे स्टुडिओ श्रावणात मोकळे नसतात, कारण तेलुगू भाषक घरांत श्रावण लग्नाला शुभ मानतात; आणि गणपतीचे दहा दिवस तर कोणीच मोकळे नसते.

लग्नाचे चित्रण करणारा माणूस कष्टाळू असतो, कमी उजेडात गडबडत नाही आणि चौदा तास उभा राहतो, याचा मला फार आदर आहे. पण त्याच्या कामात घडणारी गोष्ट दुसऱ्यांदा घडत नाही, त्यामुळे तोच टेक सहा वेळा त्याच जागेवरून घेणे, दोन पात्रांच्या नजरेची दिशा सांभाळणे, कॅमेरा स्थिर ठेवणे याची त्याला सवय नसते. चित्रीकरणाच्या आधी दोन पूर्ण दिवस त्याच्याबरोबर, खऱ्या जागेवर, गिंबल घरी ठेवून सराव करावा आणि त्या दोन दिवसांचेही पैसे द्यावेत.

दुसरी सवय ऑटोफोकसची, आणि ती आम्हाला महागात पडली. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील एका खोलीत रात्रीचा प्रसंग होता. एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे आणि वर न पाहता मुलाशी बोलते आहे. ८५ मिलिमीटरची लेन्स, तिचे छिद्र १.८ वर उघडे (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). दोन मीटर अंतरावर अशा लेन्सने जेमतेम ६ सेंटीमीटर खोलीतले चित्र स्पष्ट राहते, आणि तिने मान खाली घातली की ऑटोफोकस चेहरा सोडून तेंदूच्या पानांवर जात होता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्हाला कोणालाच ते दिसले नाही. रात्री एक वाजता लॅपटॉपवर पाहिले तेव्हा सहापैकी चार टेकमध्ये डोळे मऊ, म्हणजे अस्पष्ट होते, सूप मात्र काडीन् काडी दिसेल असे लख्ख होते. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून फोकस पुलर (चित्रण चालू असताना हाताने फोकस सांभाळणारा माणूस) बोलावला, त्याच्याबरोबर वायरलेस फोकस (दुरून फोकस फिरवण्याचे यंत्र) आणि सात इंची मॉनिटर भाड्याने आणला, आणि छिद्र ४ च्या खाली उघडायचे नाही असे ठरवून त्यासाठी एक लाइट वाढवला. बाहेरून फक्त दोन माणसे आणण्याइतकेच पैसे असतील, तर त्यांतील एक फोकस पुलर असावा असे माझे मत आहे.

दुसरा माणूस ध्वनिमुद्रक, आणि खरे तर तोच पहिला. तुमचे कलाकार बहुधा येथील हौशी नाटकवाले किंवा कधीच अभिनय न केलेले लोक असतील. डबिंग स्टुडिओत उभे राहून स्वतःच्याच ओठांशी जुळवून तोच भाव पुन्हा आणणे ही वेगळी विद्या आहे. नवख्या माणसाला ती तीन दिवसांत येत नाही. म्हणून जागेवर टिपलेला आवाजच चित्रपटात वापरायचा, हे आधीच ठरवून त्याप्रमाणे जागा निवडाव्यात. यंत्रमागांच्या खटखटाटाशेजारची खोली दिसायला कितीही सुंदर असली, तरी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशीच ती वापरता येते. आमच्या ध्वनिमुद्रकाने पहिल्याच दिवशी खोलीत टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकला आणि शेजारपाजारच्या घरांतून जाड वाकळा मागवून चित्रचौकटीबाहेरच्या तीन भिंतींवर टांगल्या. चादरी मागवल्या नाहीत, कारण त्या पातळ पडतात. बूमवाला (लांब काठीवरचा माइक धरणारा) मात्र तुम्ही येथेच तयार करू शकता; उंच, हात न थरथरणारा आणि संवाद पाठ करणारा मुलगा असला की पुरे. बोलणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतंत्र कॉलर माइक आणि वरून बूम, असे दोन्ही एकदमच मुद्रित करावे.

आता कॅमेऱ्याचे. विकत घेऊ नये. तुमच्या १८-२० दिवसांसाठी घेतलेल्या कॅमेऱ्याची किंमत वर्षभरात उतरते आणि ते पैसे तुमच्या जेवणखर्चातून गेलेले असतात. आम्ही सोनी एफएक्स३ वापरला. कमी उजेडात तो उत्तम काम करतो आणि आत पंखा असल्यामुळे आपल्याकडील उष्म्यात बंद पडला नाही, पण त्यात एनडी फिल्टर (उजेड कापणारी गडद काच) अंगचा नसतो. एस-लॉग३ मध्ये (रंग नंतर हवे तसे बसवता यावेत म्हणून फिकट चित्र टिपण्याची सोनीची पद्धत) त्याची मूळ संवेदनशीलता (आयएसओ) ८०० आहे. भर उन्हात १/५० सेकंद शटर ठेवून छिद्र ४ वर आणायचे असेल तर सुमारे आठ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कापावा लागतो, म्हणून चांगल्या प्रतीचा एनडी संच भाड्याच्या यादीत पहिल्यांदा लिहावा. एफएक्स६ मध्ये ही सोय आतच आहे, भाडे अर्थातच जास्त. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ४के स्वस्तात मिळतो आणि त्याचे रंग मला फार आवडतात. मात्र त्याची बॅटरी तासाभरात संपते आणि त्याला हार्ड डिस्क फार लागते. ८:१ च्या रॉमध्ये (आठपट दाबलेल्या कच्च्या चित्रणात) तो २४ फ्रेमला सेकंदाला सुमारे ४१ एमबी लिहितो, म्हणजे तासाला सुमारे १४७ जीबी. दीड तासाच्या चित्रपटासाठी दहापट चित्रण धरले तर १५ तासांचे सुमारे २.२ टीबी होतात, आणि त्याच्या दोन प्रती. डिस्क मात्र विकतच घ्याव्यात आणि दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत झोपवाव्यात. रोज रात्री प्रती करून तपासण्याचे काम एकाच जबाबदार माणसाकडे द्यावे आणि त्याच्या सहीशिवाय कोणतेही कार्ड पुसू नये.

एक तांत्रिक गोष्ट, जी लग्नाच्या चित्रणात कोणी मनावर घेत नाही: चित्रपटगृहासाठी २४ फ्रेममध्ये चित्रण करावे, पण शटर १/५० ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे वेगळ्या शटरवर कारखान्यातील जुन्या ट्यूबलाइटचा उजेड चित्रात लपलपतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. स्वस्त एलईडी दिव्यांचा भरवसा नसतो, ते प्रत्यक्ष चित्रण करूनच तपासावेत.

लाइटसाठी मी नाटकाच्या प्रकाशयोजनेची कामे करणाऱ्या माणसांकडे गेलो आणि ते फार बरे झाले. डिमर, जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद), किती वॉटला कोणती केबल, हे त्यांना झोपेतही ठाऊक असते. जुन्या घरांत १००० वॉटचे दोन दिवे एकाच पाच अँपिअरच्या प्लगवर लावले की फ्यूज जातो; आमच्या प्रकाशयोजनाकाराने थेट मीटरपासून स्वतंत्र केबल ओढली. जनरेटर मंडपवाल्यांकडे मिळतो, पण आवाजासाठी तो निदान एखादी गल्ली सोडून, भिंतीआड ठेवावा लागतो; त्या अंतराची केबल आधीच सांगावी. सहायक दिग्दर्शन, क्लॅप आणि सलगतेच्या (कंटिन्युइटीच्या) नोंदी यांसाठी सोलापूर विद्यापीठाच्या जनसंज्ञापन विभागातील दोन मुली आमच्याकडे होत्या. त्यांच्या वहीमुळे आमचे संकलन आठवडाभर तरी लवकर झाले. ड्रोन घेणार असाल तर त्याची नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र पाहूनच घ्या, कारण होटगी रस्त्यावरील विमानतळामुळे शहराच्या मोठ्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

जे येथे मिळत नाही तेवढेच, म्हणजे लेन्सचा संच, वायरलेस फोकस आणि ध्वनिमुद्रणाचे सामान, पुण्याहून आणावे. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येते. मधला सगळा वेळ दुकानाच्या काउंटरवरच घालवावा, कारण आम्ही तो घालवला नाही. एका दुकानाने दिलेल्या पेटीत एका लेन्सची फोकस रिंग अडकत होती, हे सोलापुरात पेटी उघडल्यावर कळले. चलनावर आमची सही होती, म्हणून परतीच्या वेळी दुरुस्तीचे पैसे आमच्याकडूनच कापले गेले. प्रत्येक लेन्स कॅमेऱ्याला लावून पाहावी, काच आणि रिंग यांचा मोबाइलवर व्हिडिओ करावा, असलेला दोष चलनावर लिहून घ्यावा. दराची बोलणी आठवड्याच्या हिशेबाने करावी आणि प्रवासाचे दिवस भाड्यात धरले आहेत का, सामानाबरोबर अटेंडंट येणार असेल तर त्याचा भत्ता, प्रवास आणि राहणे कोणाकडे, हे पैसे देण्याआधी लिहून घ्यावे.

माणसांबरोबरही एका पानाचा करार करावा, अगदी मित्र असला तरी: दिवस किती, रोजचे तास किती, पैसे किती आणि कोणत्या तारखेला, श्रेयनामावलीत नाव कोणत्या पदाखाली. आम्ही चित्रीकरणात एकूण ११ जण होतो. पैसे कमी देऊ शकलो, पण ठरलेले त्या त्या शनिवारी दिले आणि दुपारचे जेवण कधी दोनच्या पुढे जाऊ दिले नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि गरम आमटी एका ओळखीच्या घरून येत असे. १९ दिवसांत एकही माणूस काम सोडून गेला नाही.

तुमची संहिता तयार असेल तर स्टुडिओवाल्यांकडे जूनच्या सुरुवातीलाच जा, मुहूर्त नसलेल्या दिवशी दुपारी. त्यांच्या डायरीत आषाढीनंतरची पाने तेव्हा कोरी असतात.