दोन ड्राइव्हची ओढाताण थांबवायची कशी?

प्रश्न: नमस्कार सर, मी भोसरी एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. आमच्या सँडच्या बेल्ट कन्व्हेयरला हेड पुलीच्या एकाच शाफ्टवर दोन्ही बाजूंनी गिअरबॉक्स आणि १५ किलोवॅटची एकेक मोटर आहे, प्रत्येकीला वेगळा व्हीएफडी (मोटरचं स्पीड बदलणारा ड्राइव्ह). पाच-सहा वर्षं व्ही बाय एफ मोडमध्ये (व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी ठरावीक प्रमाणात देणारा साधा मोड) काही त्रास नव्हता. मध्यंतरी एक मोटर जळाली, नवीन बसवली आणि त्याच वेळी ऑटोट्यून करून दोन्ही ड्राइव्ह व्हेक्टर मोडला (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर कमीजास्त करून स्पीड पक्कं धरणारा मोड) टाकले, म्हटलं स्पीड एकदम ॲक्युरेट मिळेल. आता सेटिंग दोन्हीवर ५० हर्ट्झच आहे तरी एक मोटर २६ अँपिअर घेते, दुसरी ११, आणि बेल्ट रिकामा असला की दुसरा ड्राइव्ह डीसी ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. स्पीड अजून बारीक मॅच कसं करायचं? साहेब म्हणतात एकच मोठा व्हीएफडी घेऊन दोन्ही मोटरी त्यावर टाकू, चालेल का?

उत्तर: स्पीड मॅच करायच्या मागे लागूच नका. शाफ्ट एक, गिअरबॉक्सचा रेशो सारखा, म्हणजे दोन्ही मोटरी एकाच स्पीडला फिरणार, ड्राइव्हमध्ये काहीही आकडा भरा. वाटून द्यायचाय तो लोड.

आधी ते ११ अँपिअर बघा. १५ किलोवॅटच्या चार पोल मोटरचं फुल लोड करंट साधारण २७ अँपिअर असतं आणि नो लोडला ती १०-११ घेतेच. म्हणजे तुमची दुसरी मोटर कमी काम करत नाहीये, ती कामच करत नाहीये, नुसतं मॅग्नेटायझिंगचं, म्हणजे आतलं चुंबकत्व टिकवायचं, करंट घेतेय, आणि बेल्ट रिकामा झाला की पहिली मोटर तिलाच ओढत नेते, मग ती जनरेटर होते आणि ४१५ व्होल्ट सप्लायवर एरवी ५८५च्या आसपास असणारा डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) वर चढत जाऊन ड्राइव्ह ट्रिप मारतो.

व्ही बाय एफमध्ये जमत होतं ते स्लिपमुळे, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या स्पीडपेक्षा मोटर जेवढी मागे फिरते त्यामुळे. लोड आला की मोटर थोडी मागे पडते आणि दुसरीला आपोआप वाटा घ्यावा लागतो. समजा जुन्या मोटरच्या नेमप्लेटवर १४४० आरपीएम आहे आणि नवीनच्या १४५५, म्हणजे ५० हर्ट्झच्या १५०० आरपीएममधून फुल लोडला स्लिप ६० आणि ४५. दोघींवर मिळून एका मोटरच्या फुल लोडच्या १४० टक्के लोड असेल तर शाफ्ट १४६४ला स्थिरावतो, जुनी ६० टक्के उचलते, नवीन ८०. अगदी सारखं नाही, पण कोणी मरत नाही. व्हेक्टर स्पीड मोडमध्ये मात्र प्रत्येक ड्राइव्ह आपलंच स्पीड खरं धरतो, दोन-चार आरपीएमचा फरक दिसला तरी टॉर्क वाढवत जातो, दुसरा तेवढाच ब्रेक लावत बसतो. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात तेव्हा कुठल्याच जोडीला वेगळा वेग ठरवून देत नाहीत, सगळ्यांनी ओढायचं असतं, बस.

त्यामुळे एक ड्राइव्ह मास्टर करा, तो स्पीड मोडमध्येच राहू दे. दुसरा, म्हणजे फॉलोअर, टॉर्क मोडला टाका आणि मास्टरचा टॉर्क रेफरन्स त्याला ॲनालॉग आउटपुटने किंवा कम्युनिकेशनवरून द्या. तुमच्यासारख्या पक्क्या शाफ्टला हेच बेस्ट. पण फॉलोअरला स्पीड लिमिट घालायलाच पाहिजे, कपलिंग तुटलं तर लोड नसलेली मोटर पळत सुटेल आणि शेजारी माणसं उभी असतात. एक ट्रिप झाला की दुसराही थांबेल असा इंटरलॉकही घ्या.

ड्राइव्हमध्ये टॉर्क मोड नसेल तर बघा ड्रूपचा (लोड वाढेल तसं स्पीड थोडं उतरू देणारा) पॅरामीटर आहे का, दोन्हीला २-३ टक्के ठेवा, ३ टक्के म्हणजे फुल लोडला दीड हर्ट्झ खाली. तेही नसेल तर सरळ व्ही बाय एफला परत जा, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. फक्त स्लिप कॉम्पेन्सेशन (स्लिप भरून काढणारं सेटिंग) दोन्हीकडे बंद ठेवा, ॲक्सेल-डिसेलचे टाइम सारखे ठेवा आणि रेफरन्स एकाच ठिकाणाहून द्या, वेगवेगळे पॉट (स्पीडचे नॉब) नकोत. अर्ध्या हर्ट्झचा फरक म्हणजे १५ आरपीएम, ४५ स्लिपच्या मोटरला तो तिच्या एक तृतीयांश टॉर्कएवढा पडतो.

साहेबांचा एका व्हीएफडीचा विचार चुकीचा नाही, दोन्ही मोटरींना फ्रीक्वेन्सी एकच मिळते. मोड व्ही बाय एफच ठेवायचा, ड्राइव्ह दोन्ही करंटच्या बेरजेपेक्षा मोठा घ्यायचा, म्हणजे ५४ अँपिअरच्या वर, आणि प्रत्येक मोटरला स्वतंत्र ओव्हरलोड रिले, कारण ड्राइव्हला फक्त बेरीज दिसते, एक मोटर जळत असली तरी त्याला कळणार नाही. केबलची लांबीही दोन्हींची मिळून धरतात. चालू ड्राइव्हवर कॉन्टॅक्टरने दुसरी मोटर जोडू नका. आणि तो एक ड्राइव्ह गेला की अख्खा बेल्ट उभा, हे साहेबांना आधीच सांगा.

अजून एक, कोणी सुचवलं तरी दोन साध्या व्हीएफडीचे आउटपुट एकत्र करून एक मोटर चालवू नका. दोघांचे आयजीबीटी (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) आपापल्या वेळेला चालू-बंद होतात, पहिल्याच स्टार्टला दोन्ही उडतील.

गुरुवारी सुट्टीला बदल करून घ्या, आणि नंतर रिकाम्या आणि भरलेल्या बेल्टवर दोन्ही ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचा टॉर्कचा टक्का लिहून पाठवा, करंट नको, त्यात मॅग्नेटायझिंगचं लपून जातं.