वस्तादांना विचारा : जॅब मारतो, तरी पट अडकतो

वस्ताद, नमस्कार. मी कागल तालुक्यातला, वय १९, वजन ६५ किलो. सहा वर्षं तालमीत होतो. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडणं, हा माझा हुकमी डाव. वर्षभरापासून पुण्यात एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला खेळ) शिकतोय. तालमीत दहातले सात पट निघायचे, इथं दहातला एक निघतो. सर म्हणाले, आधी ठोसा मार, मग खाली जा. म्हणून दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारतो आणि पटात शिरतो. तरी समोरचा पाय मागं टाकून माझ्या मानेवर बसतो. गेल्या महिन्यात गुडघा लागून ओठ फाटला. कुठं चुकतंय?
— एक पैलवान, कागल

बाळा, आधी ओठ नीट भरू दे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंगला, सरावाच्या लढतीला, उभा राहू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ते माझंच वाटलं. मीही मातीतून आलो. कोल्हापूरच्या तालमीत अकरा वर्षं काढली आणि तिशी ओलांडल्यावर पुण्यात पहिल्यांदा ग्लोव्ह घातले. समोर बॉक्सिंग शिकलेला ६० किलोचा पोरगा होता, मी ७४ किलोचा. पहिला पट निघाला. दुसऱ्या वेळी त्यानं कंबर मागं टाकली आणि मी त्याच्या छातीखाली तोंडघशी पडलो. तिसऱ्या वेळी मी खाली जातोय तोवर खालून वर येणारा ठोसा, अपरकट, आला. नाकाचं हाड मोडलं, थंडीत ते अजून ठणकतं. त्या पोराला माझा अंदाज बांधायची गरजच पडली नव्हती. माझ्याकडं एकच गोष्ट आहे हे त्याला दुसऱ्या मिनिटाला कळलं होतं.

आता तुझे दोन जॅब. मी तुला लढताना पाहिलेलं नाही, पण ते दोन्ही जॅब समोरच्याच्या नाकापासून वीतभर अलीकडं थांबत असणार. ते लागावेत म्हणून तू मारतच नाहीस. तुझं मन आधीच त्याच्या मांडीवर जाऊन बसलेलं असतं, हात नुसता पुढं जाऊन येतो. समोरच्याला हे दोन फेऱ्यांत समजतं. मग तुझे दोन जॅब म्हणजे त्याच्यासाठी शाळेची घंटा: वाजली की पाय मागं.

तालमीतली खडाखडी आठव. सलामी झाल्यावर तू काय करायचास? मानेवर हात टाकून खाली दाबायचास. ते दाबणं खरं असायचं. समोरच्याची मान खरोखर खाली यायची, म्हणून तो चिडून ताठ व्हायचा, आणि तो ताठ झाला की त्याचे पाय तुला मोकळे मिळायचे. मान नुसती कुरवाळली असतीस तर तो कशाला ताठ झाला असता? ठोशाचंही तेच आहे. ज्या ठोशानं नाक दुखतं त्यासाठीच माणूस हात वर नेतो. हात वर गेले की कोपरं बरगड्यांपासून सुटतात आणि कंबरेजवळचं दार उघडं पडतं. म्हणून पुढचा महिनाभर जॅब हा जॅब म्हणूनच मार. दहा जॅब मारलेस तर त्यातल्या एखाद्या-दोघांच्या मागून पट येऊ दे. बाकीच्यांच्या मागून क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, येऊ दे, नाहीतर काहीच येऊ नये. कोणता जॅब पटाचा आहे हे समोरच्याला कळता कामा नये.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि मातीतून आलेल्या प्रत्येक पोराची खरी अडचण इथं आहे. कुस्तीत आपण हाताला हात लावून उभे असतो. पट काढायला एक पाऊल पुरतं. केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात, दोघंही ठोशाच्या टप्प्याबाहेर उभे राहतात, म्हणजे पायापर्यंत पोचायला दीड-दोन पावलं लागतात. तेवढ्या वेळात तुझं डोकं खाली आणि हात पुढं, असा उघड्यावर असतोस तू. हे अंतर कापायचं काम ठोशानं करायचं असतं. जॅब मारताना डावा पाय पुढं पडतोच. तेच तुझं पटाचं पाऊल. तू काय करतोस? जॅब मारतोस, पाय पुन्हा जागेवर आणतोस, मग नव्यानं पाऊल टाकून खाली जातोस. मधे जो अर्धा श्वास जातो त्यात गुडघा येतो. जॅबचा पाय टेकला की तिथूनच बस. हात चेहऱ्यावरून थेट गुडघ्यामागं गेला पाहिजे, स्वतःच्या हनुवटीकडं परत येऊन मग नव्हे. आणि बसायचं गुडघ्यातून, बैठक मारतोस तसं. कंबरेतून वाकलास की नजर जमिनीकडं जाते, आणि नजर जमिनीकडं गेलेल्या माणसाला गुडघा दिसत नाही.

ठोशाशिवाय लांबून शिरल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर २०१९ च्या जुलैमधली बेन आस्क्रेन आणि होर्हे मास्विदाल यांची लढत बघ. फार वेळ लागणार नाही, ती पाच सेकंदांत संपली. आस्क्रेन म्हणजे साधा पैलवान नव्हे, अमेरिकेच्या विद्यापीठ कुस्तीत दोनदा अजिंक्य आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला. मास्विदाल धावत आला, आस्क्रेन सवयीनं पटासाठी खाली झुकला आणि मास्विदालचा उडता गुडघा थेट डोक्यावर बसला. मोठमोठ्या पैलवानांना पायाखाली घेणारा माणूस जागीच आडवा झाला. मला ती चित्रफीत बघवत नाही, पण नव्या पोरांना मी ती दाखवतो.

तिसरं, मान. कुस्तीत पाठ लागली की निकाल, मानेभोवती हात पडला म्हणून कुणी हरत नाही. त्यामुळं आपण मान मोकळी सोडून पटात शिरायला शिकलेले असतो. इथं तीच मान गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून काखेत मान धरून गळा आवळणाऱ्या पकडीत, जाते. आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला युएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेत चीनच्या सोंग यादोंगशी लढला. कुस्तीचा पाया पक्का असलेला पोरगा, पण पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये सापडला. त्याला नावं ठेवायला हे सांगत नाही, तिथवर पोचायला काळीज लागतं. पण त्या लढतीनंतर मी पोरांचा पट अडवून एकच बघायला लागलो: कान त्याच्या बरगडीला घट्ट चिकटलाय का, आणि डोळे छताकडं आहेत का. ठोसा खरा लागला असेल तर समोरचा स्वतःला सावरण्यात गुंततो आणि तुझी मान पकडायला त्याचे हात उशिरा येतात. म्हणजे ठोसा मानेचीही राखण करतो.

जॅब बसला की मग ओव्हरहँड शीक. उजवा हात वरून, झाडाची फांदी तोडल्यासारखा. समोरचा तुझ्यासारखाच डावा पाय पुढं ठेवून उभा असेल तर ओव्हरहँडबरोबर तुझं डोकं आपोआप डावीकडं, त्याच्या सरळ ठोशाच्या रेषेबाहेर जातं आणि अंग खाली येतं. ठोसा चुकला तरी हात जिथं पडतो तिथं त्याचा पुढचा पाय असतो. एकेरी पटवाल्यासाठी याहून सोयीचा ठोसा नाही.

आणि एक दिवस हे उलटही वापरशील. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लास वेगासला खबीब नूरमगोमेदोव्हनं पहिल्या फेरीत कॉनर मॅकग्रेगरला पायाला धरून खाली नेलं आणि फेरीभर दाबून ठेवलं. दुसऱ्या फेरीत खबीबचा ओव्हरहँड लागून मॅकग्रेगर खाली बसला. ठोसे ही मॅकग्रेगरची ताकद, तरी तिथंच तो सापडला. माझ्या मते त्याचं अर्धं लक्ष आपल्या पायांकडं होतं. पटाच्या धास्तीनं ठोसा लागला. चौथ्या फेरीत मानेवरच्या पकडीत निकाल झाला.

सरावाला एवढंच कर. जोडीदाराला कपाळासमोर पॅड धरायला सांग. तीन मिनिटं जॅब मार. त्यानं मनाला येईल तेव्हा पॅड वर उचलायचं, तेव्हाच तू पटात शिरायचं, एरवी नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल. तिसऱ्या आठवड्यात तुझे डोळे त्याच्या हातांकडं बघायला शिकतील, सध्या ते पायांकडं बघतायत आणि तुझा पट आधीच सांगून टाकतायत. महिन्यानंतर पुन्हा पत्र लिही. आणि तालमीत जाणं सोडू नकोस, सुट्टीत गावी गेलास की मातीत उतर.

वस्ताद, मी २४ वर्षांची, नागपूरची. पाच वर्षं बॉक्सिंग केलं, आता एमएमएमध्ये यायचंय. कुस्ती शून्य. आमच्या जिममधली मुलं म्हणतात, लहानपणी कुस्ती केली नसेल तर टेकडाऊन, म्हणजे समोरच्याला धरून खाली पाडणं, कधीच जमत नाही. खरं आहे का?
— एक बॉक्सर, नागपूर

नाही ताई, खरं नाही.

जॉर्ज सेंट पिअर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कॅनडाचा हा माणूस लहानपणी क्योकुशिन कराटे शिकला, शाळा-कॉलेजात त्यानं कुस्ती केली नव्हती. तरी जोश कोशेकसारख्या माणसाला, जो २००१ चा अमेरिकन विद्यापीठ अजिंक्यवीर होता, त्यानं २००७ च्या ऑगस्टमध्ये खाली नेलं आणि लढत जिंकली. डॅनियल कॉर्मियर, हेन्री सेहुडो असे ऑलिंपियन पैलवान ज्या खेळात उतरले, त्या खेळातही सेंट पिअरसारखं पट आणि ठोसा एकजीव करणारे फार थोडे आहेत. त्याचा जॅब इतका खरा होता की २०१० च्या डिसेंबरमध्ये, माँट्रियलला झालेल्या दुसऱ्या लढतीत, त्या जॅबनं कोशेकच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. असा जॅब ज्याच्याकडं आहे त्याच्यापुढं हात खाली ठेवून पाय कोण राखणार?

तुमच्याकडं तोच जॅब आहे. कागलच्या पोराला जे वर्षभर शिकायचंय ते तुम्ही पाच वर्षांपूर्वीच शिकलात. तुमच्या ठोशावर समोरची बाई विश्वास ठेवते. तुम्हाला फक्त ठोशाच्या पुढचं पाऊल शिकायचं आहे.

लांबून दुहेरी पट काढण्यापासून सुरुवात करू नका. तुम्हाला हुकखालून, म्हणजे बाजूनं येणाऱ्या ठोशाखालून, झुकायची सवय आहे, तिथून सुरू करा. समोरचीचा हुक येऊ द्या, गुडघ्यातून बसा आणि वर येताना तिच्या काखेखालून आत जाऊन कंबरेला मिठी घाला. तिचा हात ठोशात अडकलेला असल्यामुळं कंबर मोकळी असते, आणि ती स्वतःच पुढं येत असल्यानं तुम्हाला अंतर कापावं लागत नाही. मिठी लागली की जाळीकडं चालत जा. केजची जाळी नवख्या माणसाची मैत्रीण आहे. कुस्तीत आखाड्याबाहेर गेलं की थांबवतात, इथं जाळीला टेकलेल्या माणसाला मागं पाय टाकायला जागा उरत नाही.

एक सवय मात्र मोडावी लागेल. बॉक्सिंगमध्ये झुकून क्षणभर तिथं राहिलं तरी निभावतं, कारण पायांचा मारा नसतो. इथं गुडघा येतो. झुकलात तर लगेच आत जा नाहीतर बाजूला निघा.

तुमच्या गावात मुलींना कुस्ती शिकवणारा आखाडा असेल तर आठवड्यातून दोन दिवस तिथं जा. पहिले सहा महिने फक्त पडायला शिका. पडायची भीती गेली की हात आपोआप मोकळे सुटतात.

वस्ताद, सादर प्रणाम. माझं वय ७१. खासबागेत आयुष्यभर कुस्त्या पाहिल्या. नातू मोबाईलवर तुमचा हा खेळ बघतो. तोंडावर बुक्की मारायची आणि तो डोळे मिटेल तेवढ्यात पाय ओढायचा, ही मला फसवणूक वाटते. डावाला डावानं उत्तर द्यावं. तुम्ही मातीतले असून याला कसे राजी झालात?
— एक कुस्तीशौकीन, सांगली

काका, तुमच्या वयाचा आणि डोळ्यांचा मान ठेवून लिहितो. खासबागेत कुस्ती पाहिलेल्या माणसाला मी डाव शिकवणार नाही.

पण हूल आपल्याच मातीतली आहे ना? ढाक मारायची म्हणून हात वर न्यायचा आणि तो सावरायला लागला की एकचाक लावायचं, हे तुम्ही शंभरदा पाहिलं असेल आणि त्यावर फेटे उडवले असतील. आम्ही त्या पैलवानाला लबाड म्हटलं नाही, डोक्याचा म्हटलं. ठोसा लागतो आणि वेदना होते, हा फरक खरा आहे आणि तो मी लपवत नाही. पण दोघांनाही तो नियम आधीपासून ठाऊक असतो, आणि पंच हातभर अंतरावर उभा असतो.

मी राजी कसा झालो ते सांगतो. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा गादीची नीट सवय नव्हती, तरी सहावे आले. मग चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. माती सोडून गादीवर उतरताना त्यांनी कुस्ती सोडली असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. माझी पोरं गादीवरून आणखी एक पाऊल पुढं गेली आहेत, एवढंच मी मानतो.

एक विनंती आहे. नातवाला सांगून सेंट पिअर आणि कोशेकची २००७ ची लढत लावा. आवाज बंद करा, बुक्क्यांकडं बघू नका. फक्त कोशेकच्या टाचांकडं बघा. ठोसा येताना टाच जमिनीला कधी टेकते, वजन मागं कधी जातं, आणि सेंट पिअर नेमका कुठल्या क्षणी आत शिरतो. तुमच्या डोळ्यांना ते माझ्याआधी दिसेल. तुम्हाला काय दिसलं ते कळवा, पुढच्या अंकात छापतो.