आजीचं बोलणं टेप करणारी मुलगी आणि साडेचार लाखांची फी

पत्र थोडक्यात असं आहे: "बार्शीत आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगी पुण्याला एसवायबीएला, विषय तत्त्वज्ञान. दिवाळीला घरी आली ती एकच धोशा लावून, मला 'द मिडनाइट गॉस्पेल' या कार्टून मालिकेसारखं काम करायचंय. म्हणून पहिला भाग बघितला. रक्त, झॉम्बी, आणि त्यात दोघं जण निवांत ड्रग्जवर गप्पा मारतायत. याला कार्टून म्हणायचं? पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटनं अ‍ॅनिमेशन डिप्लोमाची फी साडेचार लाख सांगितली आहे. १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात, ३० तारखेच्या आत भरली तर ४० हजार सूट. बीए सोडते म्हणते. शिवाय माझ्या आईचं बोलणं मोबाइलवर टेप करत बसते, तेही कधीकधी न सांगता. यात काही करिअर आहे, की नुसतं खूळ?"

सप्रेम नमस्कार.

चिडण्याआधी तुम्ही एक अख्खा भाग बघितलात, यासाठी तुमचे आभार. मला पत्रं लिहिणारे बहुतेक पालक नाव ऐकूनच चिडतात.

ड्रग्जचं आधी सांगते, कारण तुमची झोप त्यानंच उडाली असणार. त्या भागात जो राष्ट्राध्यक्ष झॉम्बींच्या गर्दीत सापडलाय, त्याचा आवाज ड्रू पिन्स्की या अमेरिकन डॉक्टरांचा आहे. व्यसनी रुग्णांवर उपचार करणं हेच त्यांचं क्षेत्र. म्हणजे गप्पा ड्रग्जवर आहेत हे खरं, पण समोर बसलेल्या माणसानं त्यापायी उद्ध्वस्त झालेली आयुष्यं जवळून पाहिलीत. मालिका मोठ्यांसाठीच आहे, शिव्याही आहेत, लहान भाचरांसमोर लावू नका. पण तुमची मुलगी सज्ञान आहे.

आता ती कशाच्या प्रेमात पडली आहे ते बघू. डंकन ट्रसेल हा अमेरिकेतला विनोदी कलाकार. तो बरीच वर्षं स्वतःचं पॉडकास्ट चालवतो, त्यात मृत्यू, ध्यान, जादू, क्षमा अशा विषयांवर लोकांशी तासन् तास बोलतो. त्यातल्या एका पाहुण्यानं फाशीची शिक्षा झालेला कैदी म्हणून १८ वर्षं तुरुंगात काढली होती. 'अ‍ॅडव्हेंचर टाइम' ही गाजलेली कार्टून मालिका रचणाऱ्या पेंडलटन वॉर्डनं या जुन्या गप्पा घेतल्या आणि दोघांनी मिळून त्यांच्याभोवती भलतंच जग उभं केलं. टिटमाउस नावाच्या स्टुडिओनं ते चितारलं. २० एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले असताना, त्याचे आठ भाग नेटफ्लिक्सवर आले.

तुम्ही बार्शीचे, म्हणजे भगवंताच्या देवळात कीर्तन ऐकलंच असेल. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. या मालिकेनं काय केलंय, तर दोन्ही एकाच वेळी चालू ठेवलंय. कानावर पूर्वरंग पडतोय, डोळ्यांपुढे उत्तररंग. पहिल्यांदा बघताना दोन्ही एकमेकांच्या पायात येतात आणि डोकं भणभणतं. तुमचं तेच झालं. माझंही झालं होतं, दुसरा भाग मी अर्ध्यात बंद केला होता.

आठव्या भागात मात्र दोन्ही एक होतात. ट्रसेलची आई मानसशास्त्रज्ञ होती, तिला कर्करोग झाला होता. २०१३ साली, ती जाण्याच्या थोडं आधी, मायलेक माइकसमोर बसून बोलले. हे दुःख सहन कसं करायचं, असं तो विचारतो आणि ती सांगते, रडायचं. एवढंच. चित्रात तोवर ती म्हातारी होत जाते, मरते, आणि मग मुलगाच तिला जन्म देतो.

यातला काळाचा हिशेब बघा. आवाज २०१३ चा, चित्र २०२० चं. सात वर्षं ते बोलणं तसंच पडून होतं आणि त्याचं काही बिघडलं नाही. उलट केलं असतं, आधी चित्र आणि मग आवाज, तर जमलंच नसतं, कारण आई राहिली नव्हती.

म्हणूनच बीए सोडू नका, हे माझं उत्तर. अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर माणूस तिशीतही शिकतो. ब्लेंडर, क्रिता ही सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात, शिकवणारे व्हिडिओही फुकट. पण समोरच्याला प्रश्न काय विचारायचा, कुठे गप्प बसायचं, दोन तासांच्या बोलण्यातली कोणती चार मिनिटं ठेवायची, हे कुठला डिप्लोमा शिकवतो मला माहीत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ते थोडंफार शिकायला मिळतं. नचिकेत यमाच्या दारात बसून प्रश्न विचारतो, प्लेटोचा सॉक्रेटिस बाजारात लोकांना अडवून विचारतो. तिचा अभ्यासक्रम अशाच संवादांनी भरलेला आहे. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. सुबक चित्रं काढणारी मुलं मला दर आठवड्याला भेटतात. ऐकता येणारी क्वचित.

काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला अगदी उलटा सल्ला दिला होता. हात चांगला आहे, पदवी नंतर बघू, असं म्हणाले. तो आज एका स्टुडिओत दिवसभर दुसऱ्यांच्या पात्रांची तोंडं हलवतो, पगार बरा आहे, आणि मला दिवाळीला मेसेज करत नाही.

आता काम किती असतं, ते तुमच्या भाषेत. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटी धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दोन मिनिटांना १,४४०. पाचशे कागदांची एक रीम धरली, तर जवळजवळ तीन रिमा. २५ मिनिटांच्या भागाला १८ हजार, म्हणजे ३६ रिमा. प्रत्यक्षात एवढं कुणी काढत नाही. पात्राचे सुटे भाग करून हलवतात, पार्श्वभूमी तीच ठेवतात, ओठांचे मोजके आकार आलटून पालटून बसवतात. तरीही हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा चित्रमय आराखडा, करणारा वेगळा, पार्श्वभूमी रंगवणारा वेगळा, आवाज कापून साफ करणारा वेगळा. हा आवाजवाला तर पहिल्या दिवसापासून लागतो, कारण इथं सगळी इमारत ध्वनिफितीवर उभी असते.

आणि पैसा? नेमकी अशीच मालिका करायला मिळेल, या आशेवर घर चालत नाही. खुद्द 'मिडनाइट गॉस्पेल'चा दुसरा सीझन आला नाही, २०२२ साली ते नक्की झालं. एवढं कौतुक होऊन ही गत. मुंबई-पुण्यातल्या स्टुडिओंची चूल पेटते ती जाहिरातींवर, शैक्षणिक व्हिडिओंवर आणि परदेशातून येणाऱ्या कामावर. सुरुवातीची तीन-चार वर्षं ओढाताणीची जातील, हे धरूनच चाला.

पण खऱ्या बोलण्यावर चित्र बेतायचं हे तंत्र तसं जुनं आहे आणि त्यानं लोकांची पोटंही भरली आहेत. जॉन आणि फेथ हबली या अमेरिकन जोडप्यानं आपल्या मुलांचं खेळतानाचं बोलणं टेप करून १९५९ मध्ये 'मूनबर्ड' केला आणि ऑस्कर मिळवलं. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत निक पार्कनं १९८९ मध्ये 'क्रीचर कम्फर्ट्स' केला. साध्या माणसांना राहत्या घराबद्दल बोलतं केलं आणि ते आवाज प्राणिसंग्रहालयातल्या मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातले. थंडीनं कावलेल्या एका ब्राझिलियन विद्यार्थ्याचं बोलणं पिंजऱ्यातल्या बिबट्यासारख्या प्राण्याला दिलंय, हसून पुरेवाट होते. फिल्म पाच मिनिटांची, पण ऑस्कर मिळालं, आणि त्याच धर्तीवर विजेच्या हीटरच्या जाहिराती झाल्या. त्या ब्रिटनमध्ये अजून लोकांना आठवतात.

आपल्याकडेही आहे. नीना सबनानी यांनी आधी अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, आणि पुढे मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशन शिकवलं. त्यांची २००९ ची 'टांको बोले छे' ही फिल्म मुलीला जरूर दाखवा. कच्छमधल्या कारागीर बायका आपल्या स्थलांतराची, हातातल्या कामाची गोष्ट आपल्याच आवाजात सांगतात, आणि चित्रं त्यांच्याच कापडकामातून उभी राहतात. ना झॉम्बी, ना रक्त. तुम्हालाही आवडेल.

याच आयडीसीत अ‍ॅनिमेशनचं दोन वर्षांचं एम.डेस., म्हणजे डिझाइनमधलं पदव्युत्तर शिक्षण, करता येतं. त्यासाठी सीड (CEED) ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, ती साधारण जानेवारीत असते. परीक्षेला बसायला बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते, शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं, वयाची अट नाही. आयडीसीच्या प्रवेशाला कोणती पदवी चालते, ते मात्र आधी तिथंच विचारून घ्या. पेपरमध्ये चित्र काढावं लागतं, पण निरीक्षण आणि विचारही तितकेच तपासतात. म्हणजे तिचं तत्त्वज्ञान इथे वाया जात नाही. मात्र रोज स्केचबुक भरायला हवं: स्वारगेटला थांबलेली माणसं, मेसमधल्या मावशींचे हात, काहीही. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही तर पुन्हा बसायचं.

तोवर तिनं दोन मिनिटांची एक फिल्म करावी. आजीचं बोलणं आहेच. नवं टेप करताना पंखा बंद, फ्रिज बंद, झेरॉक्स मशीन तर बंदच, आणि मोबाइल गोधडीच्या घडीवर ठेवायचा, म्हणजे आवाज घुमत नाही. मग ते बोलणं कागदावर उतरवायचं, कापायचं, पुन्हा ऐकायचं. चित्रं अगदी शेवटी. काड्यांची माणसं काढली तरी चालतील. या दोन मिनिटांना तिला चार महिने लागतील, बहुतेक मध्येच कंटाळा येईल. कंटाळूनही पुरी केली, तर पुढच्या खर्चाचं आपण बोलू.

न सांगता टेप करणं मात्र आजपासून बंद. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. माणसाचा आवाज वापरायचा तर त्याची परवानगी लागते, मग ती सख्खी आजी का असेना. आजीला आधीचं सगळं ऐकवायचं. त्या जे नको म्हणतील ते त्यांच्यासमोर पुसून टाकायचं. आणि हो म्हणाल्या, तर ते होसुद्धा रेकॉर्ड करून ठेवायचं. बाहेर याच कामाला लेखी संमतिपत्र लागतं, सवय घरापासून लागलेली बरी.

इन्स्टिट्यूटबद्दल दोनच ओळी. '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्यांकडे मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचे फोन नंबर मागा आणि सध्या कुठे, काय काम करता, ते त्या मुलांनाच विचारा. नंबर देताना टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालंच.

४० हजारांची सूट जाऊ द्या. ३० तारखेला दुकान तासभर लवकर बंद करा, आठवा भाग लावा आणि शेजारी आईंना बसवा. इंग्रजी त्यांना कळणार नाही, तेवढं मुलीला सांगू द्या. बघून झाल्यावर आई काय म्हणाल्या, ते मला कळवा.