आपल्या सावळ्या कातडीला ऑस्ट्रेलियात सनस्क्रीनची खरंच गरज असते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून मेलबर्नला नुकतेच आलोय, मुलाला शाळेत टोपीशिवाय मैदानावर सोडत नाहीत, ऑफिसात सगळे सनस्क्रीन फासून बसतात, आपल्यालाही त्वचेचा कर्करोग होतो का, की हे गोऱ्यांचं दुखणं?

मी मूळची सांगलीची, ब्रिस्बेनमध्ये फार्मासिस्ट आहे. सनस्क्रीन विकणं हे माझं कामच, तरी सांगते की तुमचा धोका शेजारच्या गोऱ्या कुटुंबापेक्षा खूप कमी आहे. पण शून्य नाही. शिवाय आपल्याकडे हा रोग होतो तेव्हा बहुतेकदा उशिरा लक्षात येतो, आणि घोळ तिथेच होतो.

इथे सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग निघतो. हा दोष एकट्या उन्हाचा नाही. एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी यूव्ही निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) 11 च्या वर जातोच की! उत्तर युरोपातल्या फिक्या कातडीची माणसं इतक्या तळपत्या उन्हात येऊन वसली, म्हणून हे झालं. आपल्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे तिला काळसर करणारं रंगद्रव्य, बरंच काम करतं. अगदी काळ्या कातडीचं नैसर्गिक संरक्षण साधारण एसपीएफ (सनस्क्रीनच्या बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा) 13 इतकं धरतात. आपण गव्हाळ-सावळे, म्हणजे त्याच्या खाली कुठेतरी.

आता मेलबर्नचं ऊन. तुम्ही ते पुण्याच्या सवयीने, अंगाला चटका बसतो की नाही यावरून जोखाल आणि फसाल. यूव्हीचा तापमानाशी संबंध नाही. जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, गार वारं सुटलंय, पारा 20 वर आहे, तरी निर्देशांक 10 असू शकतो. पातळ ढगांतूनही तो उतरतो. हवामान खातं रोज आकडा देतं, सनस्मार्ट या उन्हापासून बचावाच्या मोहिमेचं ॲप फुकट आहे. आकडा 3 किंवा वर असेल तेव्हा काळजी घ्यायची, अशी इथली पद्धत. व्हिक्टोरियातल्या शाळांचा टोपीचा नियम ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत असतो तो त्यामुळेच. मुलाला टोपी घालू द्या, कुरकुर करू नका. त्याचं आख्खं आयुष्य या उन्हात जायचंय.

सनस्क्रीनपेक्षा कपडे बरे, हे माझं ठाम मत. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातमोजे अशा थाटात स्कूटरवर निघणाऱ्या पुण्याच्या मुलींना लोक हसतात, पण तेवढं संरक्षण बाटलीतून मिळत नाही. शेतात साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवणारी बाई तर कुणी न सांगता हेच करत आली आहे.

उरलेल्या उघड्या अंगाला सनस्क्रीन. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतं आणि 50 सुमारे 98, तेव्हा आकड्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका. चूक होते ती मापात. चेहरा-मान-कान मिळून एक चमचा, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, पोटाला एक, पाठीला एक. चहाचा चमचा, भरून. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर पडण्याआधी 20 मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा. झिंकचं मलम आपल्या तोंडावर राखेसारखं दिसतं, म्हणून रंग मिसळलेलं घ्या; त्यातलं आयर्न ऑक्साइड वांगासाठीही चांगलं. ट्यूब गाडीत ठेवू नका, उष्णतेने खराब होते.

याचा उपयोग होतो का? आमच्या इथून उत्तरेला नाम्बूर नावाचं गाव आहे. तिथे 1992 पासून 1621 जणांवर अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात पुढच्या वर्षांत मेलॅनोमाचे (त्वचेच्या कर्करोगाचा सगळ्यात घातक प्रकार) 11 रुग्ण निघाले, मर्जीने लावणाऱ्यांत 22. मात्र ती माणसं बहुतेक गोरी होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका.

कारण सावळ्या माणसांत मेलॅनोमा बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ली 1981 साली वयाच्या 36 व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्यात सुरू झालेल्या मेलॅनोमाने. तिथे सनस्क्रीन काय करणार? आपल्याकडच्या काही त्वचेच्या कर्करोगांचाही उन्हाशी संबंध नाही. मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. परकराच्या नाडीच्या जागी बायकांमध्येही तो पाहिला गेलाय. भाजल्याच्या जुन्या व्रणातही उद्भवतो. आई-सासूबाई तुमच्याकडे येतील तेव्हा कमरेवरचा काळा, खरखरीत पट्टा आणि त्यातली न भरणारी जखम एवढं बघायला सांगा.

अल्बिनिझम (जन्मतःच कातडीत रंगद्रव्य नसणं) असेल तर वरची सवलत विसरा, कडक काळजी घ्या. कोडाच्या पांढऱ्या डागांनाही सनस्क्रीन हवंच, ते पटकन भाजतात. आणि उलट बाजू अशी की इथे सावळ्या लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता खूप दिसते. मेलबर्नच्या हिवाळ्यात आकडा 3 च्या खाली असताना उगाच झाकून फिरू नका. रक्त तपासा, कमी निघालं तर गोळी घ्या.

घरचं परीक्षण असं. नवा किंवा बदलणारा तीळ, चार आठवड्यांत न भरणारी जखम, तळव्यावरचा वाढता काळा डाग. अनेक नखांवर बारीक काळ्या रेघा आपल्याकडे सर्रास असतात, त्याला घाबरू नका. एकाच नखावरची रेघ रुंदावत असेल किंवा काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरला असेल तर लगेच दाखवा. डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश काढून जा, आणि तळपाय बघा असं आपणहून सांगा. इथले काही डॉक्टर पाठ आणि खांदे बघून थांबतात.