मेंदूच्या जोडण्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे सायटेशन पाच आकडी असतील तर तो किती मोठा समजायचा?

तुम्ही लिहिलंय की भाचीला ‘ब्रेन कनेक्टिव्हिटी’त पीएचडी करायची आहे, होणाऱ्या गाइडच्या गूगल स्कॉलरच्या पानावर सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत केलेले त्यांच्या पेपरांचे उल्लेख, पाच आकडी दिसताहेत, तर डोळे झाकून हो म्हणावं का. मी काही मेंदूतला जाणकार नाही. सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि सरांच्या, मॅडमच्या पदोन्नतीच्या फायलींसाठी हेच आकडे काढून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. तेवढ्या जोरावर सांगतो, डोळे उघडे ठेवा.

एकूण बेरीज सोडा, वरचे पाच-सहा पेपर बघा. पुष्कळदा एकदोन पेपरांवरच निम्मा डोलारा उभा असतो. या विषयातलं ठळक उदाहरण म्हणजे मिकाइल रुबिनोव्ह आणि ओलाफ स्पोर्न्स यांचा ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकातला 2010 चा पेपर. मेंदूचे भाग म्हणजे ठिपके आणि त्यांच्यातले दुवे म्हणजे रेषा असं जाळं मानायचं. मग कुठल्या ठिपक्याला किती रेषा, शेजारी-शेजारी आपसात जोडलेत का, या टोकाहून त्या टोकाला किती टप्प्यांत पोचता येतं, अशी सगळी मापं त्यांनी एका जागी मांडली आणि ती काढायचा सॉफ्टवेअरचा ‘टूलबॉक्स’ही फुकट देऊन टाकला. गूगल स्कॉलरवर या पेपराचे सायटेशन 10,000 च्या वर आहेत. कुतूहल म्हणून मी तो उद्धृत करणारे काही पेपर उघडून पाहिले. बहुतेकांत त्याचं नाव येतं ते पद्धतीच्या भागात, एका ओळीत: मापं या टूलबॉक्सने काढली. पुढे त्यावर चर्चा नाही की वाद नाही. गवंडी ओळंबा वापरतो, तसा वापर. यात कमीपणा काही नाही, उलट असा ओळंबा देणाऱ्याचे उपकारच. पण हा आकडा ‘किती जणांनी वापरलं’ ते सांगतो, ‘किती जणांना पटलं’ ते नव्हे.

उलटंही घडतं. भरत बिस्वाल यांनी 1995 मध्ये दाखवलं की माणूस मेंदूच्या एमआरआय स्कॅनरमध्ये काहीही न करता नुसता पडून असला तरी मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या हालचालींच्या भागांतले संकेत एकत्र वरखाली होतात. तेव्हा अनेकांना तो निव्वळ गोंगाट वाटला. पुढे त्यावर अख्खी शाखा उभी राहिली, पण सुरुवातीच्या वर्षांत त्या पेपराला कुणी फारसं विचारत नव्हतं. आमच्या फायलीच्या हिशेबाने त्या वर्षांत बिस्वालांना बढती अवघडच होती! आमच्याकडे शिंपल्यांवर काम करणारे एक सर फाईल घेऊन आले की हसून म्हणायचे, “माझ्या तिसऱ्यांक कोण इचारता?” (तिसऱ्या म्हणजे शिंपले.) आणि एकदा तर मीच घोळ घातला. त्यांचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या डेटाबेसवरून घेतला आणि दुसऱ्या एका सरांचा गूगल स्कॉलरवरून. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीच नेटवर टाकलेले पेपर) सगळंच मोजतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा फुगलेला. ती चूक अजून सलते.

एच-इंडेक्सचं म्हणाल तर तो भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये काढला. एच-इंडेक्स 40 म्हणजे प्रत्येकी निदान 40 सायटेशन मिळालेले 40 पेपर. तो नाव पहिलं की सतरावं हे पाहत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, पण होडी घेऊन पाण्यात जाळं सोडून कोण आलं हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. पेपरातलं पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष राबलेल्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. म्हणून गाइडचं नाव शेवटी आणि पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्याचं, असे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर किती, ते भाचीला मोजायला सांगा. माझ्या मते तिच्या कामाचा आकडा हा एकच.

आणखी एक. सायटेशन वाढतात, सहसा कमी होत नाहीत. 2012 मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरच्या काही अंशाने जरी हललं तरी जवळच्या भागांतल्या जोडण्या आहेत त्यापेक्षा घट्ट आणि लांबच्या सैल दिसतात. लहान मुलं जास्त चुळबुळतात, त्यामुळे ‘वयाबरोबर जोडण्या अशा बदलतात’ म्हणणारे बरेच निष्कर्ष डळमळले, त्यात खुद्द त्यांच्याच गटाचं आधीचं कामही होतं. पण त्या जुन्या पेपरांच्या खात्यातून एक सायटेशनही वजा झालं नाही.

तेव्हा मुलाखतीत संधी मिळाली तर भाचीने गाइडच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढंच विचारावं: डोकं हललेल्या स्कॅनचं तुम्ही काय करता, आणि किती स्कॅन टाकून देता? ते पटकन आकडा सांगतात की गाइडच्या तोंडाकडे बघतात, ते तिने मला जरूर कळवावं.